माणसे मनापासून कामास का लागतात?

(अभ्यासासाठी पाठ : नहेम्या, अध्याय २ ते ६)

सुगी आटोपली म्हणजे गावोगावच्या मंडळ्यांत सामाईक कामे निघतात. कोठे मंदिराचे पत्रे बदलावयाचे असतात, कोठे विहिरीतील गाळ काढावयाचा असतो, कोठे शब्बाथ शाळेस शिक्षक हवे असतात. पहिल्या दिवशी पंचवीस माणसे जमतात, चौथ्या दिवशी सहा उरतात, आणि मग पंच मंडळी म्हणते की लोकांत आता पूर्वीचा उत्साह राहिला नाही. हीच तक्रार शेताच्या बांधावरही ऐकू येते आणि आम्ही राहतो त्या सावेडीजवळील नागापूरच्या कारखान्यांतही ऐकू येते. तीवर उपायही सर्वत्र दोनच सुचविले जातात : बक्षीस लावा, नाहीतर दंड बसवा. हे उपाय कितपत पुरतात, आणि माणसाचे मन कामास खरोखर कशाने लागते, ह्याचा विचार ह्या पाठात करू.

१. नहेम्याने काम कसे वाटून दिले

नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचताना पुष्कळांस कंटाळा येतो, कारण त्यात नावांमागून नावे आहेत. परंतु आपल्या विषयाचे मर्म त्या नावांतच आहे. यरुशलेमेची भिंत पडून अनेक वर्षे लोटली होती. नहेम्या आला तो प्रथम कोणास काही न सांगता रात्री फिरला व कोठे किती पडझड झाली आहे हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर तो लोकांशी बोलला तेव्हा ‘तुमची दुर्दशा’ असे न म्हणता ‘आपली दुर्दशा’ अशा भावाने बोलला. पुढे कामाची वाटणी झाली, तीत कित्येकांस आपापल्या घरासमोरचाच भाग मिळाला. ज्या भिंतीच्या आड आपली लेकरे निजणार, ती भिंत कोण कच्ची बांधील?

आणखी पाहा. त्या यादीत याजक आहेत, सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारे आहेत, व्यापारी आहेत. शल्लूम नावाच्या एका अधिकाऱ्याबरोबर त्याच्या मुलीही काम करीत होत्या, हे आवर्जून लिहिले आहे. तकोवकरांनी आपला भाग बांधला, पण त्यांच्यातील श्रेष्ठ लोकांनी खांदा दिला नाही, हेही लिहिले आहे. प्रत्येकाच्या श्रमाची नावानिशी आठवण राहिली. भिंत ५२ दिवसांत पुरी झाली. ती इतक्या लवकर का झाली, ह्याचे कारण चौथ्या अध्यायाच्या सहाव्या वचनात सापडेल. ते वर्गात एकाने मोठ्याने वाचावे.

२. बक्षीस व दंड ह्यांची मर्यादा

बक्षिसाने हात हलतो ह्यात संशय नाही. प्रश्न असा आहे की बक्षीस संपल्यावर काय राहते? १९७३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी अवश्य लक्षात ठेवावा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत ज्या मुलांस चित्रे काढण्याची मुळात आवड होती, अशा तीन ते पाच वर्षांच्या मुलांचे तीन गट केले. पहिल्या गटास आधीच सांगितले की चित्र काढाल तर सोनेरी चांदणी व फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटास काही न सांगता काम झाल्यावर तेच पत्र दिले. तिसऱ्यास काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिले तो पहिल्या गटातील मुले आपण होऊन चित्रे काढण्यात इतरांच्या सुमारे निम्माच वेळ घालवीत होती. जे आनंदाने होत होते ते आता पत्रासाठी होऊ लागले, आणि पत्र नाही म्हणताच गोडीही गेली. दुसऱ्या गटाची गोडी मात्र कमी झाली नाही. म्हणजे कौतुक बाधक नाही. आमिष बाधक आहे.

दंडाचीही तीच गत. इस्राएलातील हैफा शहरी दहा बालवाड्यांतील पालक मुलांस नेण्यास उशिरा येत. त्यांपैकी सहा बालवाड्यांनी उशिरा येणाऱ्यांस दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाला, आणि दंड काढून घेतल्यावरही तो तसाच राहिला. ह्या पाहणीचा वृत्तांत २००० साली प्रसिद्ध झाला. पूर्वी पालकांस शिक्षिकेची भीड वाटत असे. दंड लागताच उशीर ही पैसे टाकून विकत घेण्याची वस्तू झाली. श्रमदानास न येणाऱ्यास शंभर रुपये दंड ठरविणाऱ्या पंचांनी हा विचार करावा. ज्याच्यापाशी पैसे आहेत तो शंभर रुपये देऊन सुटेल, ज्याच्यापाशी नाहीत तोच खोरे धरील, आणि आपलेपणा दोघांच्याही मनातून जाईल.

३. जामखेडच्या सेविकांचा दाखला

परदेशच्या बालवाड्यांतील गोष्ट आपल्या खेड्यास कशी लागू पडणार, असे कोणी विचारील. म्हणून आपल्याच जिल्ह्यातील दाखला घेऊ. डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले दांपत्य. त्यांनी प्रथम वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम केले, अमेरिकेत पुढील शिक्षण घेतले आणि १९७० साली जामखेड येथे ग्रामीण आरोग्याचे काम आरंभिले. त्या दुष्काळी मुलखात तेव्हा जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे १७६ मुले वर्षाच्या आत दगावत.

आरंभी त्यांची योजना अशी होती की शिकलेल्या परिचारिकांनी गावोगाव राहून काम करावे. ते साधले नाही. परगावच्या तरुण मुलींस एकटे राहणे जड गेले, आणि गावकऱ्यांसही त्या परक्या वाटल्या. तेव्हा गावानेच आपल्यातील एक बाई निवडावी व तिला शिकवावे असे ठरले. निवडलेल्या बायांतील पुष्कळ निरक्षर होत्या. कित्येक अस्पृश्य मानलेल्या जातींतील होत्या. कोणी विधवा, कोणी टाकलेल्या. ज्यांस गावात कोणी नावाने हाक मारीत नसे, त्यांच्या हाती गावाचे आरोग्य सोपविले गेले.

ह्या बाया आठवड्यातून एकदा जामखेडास येत, मुक्काम करीत, एकत्र शिजवून जेवीत व एकाच दालनात निजत. जातीजातींतील आडभिंत तेथे दिवसेंदिवस खचत गेली. गरोदर बाईची तपासणी कशी करावी, बाळंतपण स्वच्छ कसे करावे, मुलाचे वजन कसे घ्यावे, हगवण लागलेल्या मुलास मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, क्षयरोग व कुष्ठरोग कसे ओळखावेत, हे त्या थोडे थोडे शिकत. शिकलेले गावात करून पाहत, आणि पुढच्या आठवड्यात काय साधले, काय फसले, हे एकमेकींस सांगत. १९९० नंतरच्या दशकात तेथील बालमृत्यूचे प्रमाण दर हजारी तिसाच्या खाली आले. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. मेबलबाई १९९९ साली व डॉ. रजनीकांत २०११ साली निवर्तले, तरी काम थांबले नाही. जे काम एका माणसाच्या उत्साहावर चालते ते त्याच्याबरोबर थांबते. जे पुष्कळांचे झालेले असते ते चालू राहते.

ह्या सेविकांस पगाराची नोकरी नव्हती. मग त्या वर्षानुवर्षे कशाने टिकल्या? आम्हांस चार कारणे दिसतात. पहिले, विश्वास : डॉक्टरांनी आपले ज्ञान राखून न ठेवता त्यांच्या स्वाधीन केले. दुसरे, वाढ : काल जे येत नव्हते ते आज येते, हा अनुभव त्यांस पुनःपुन्हा येत गेला. तिसरे, फळ डोळ्यांसमोर : वाचलेले मूल त्यांच्याच गल्लीत खेळत असे. चौथे, संगत : आठवड्याच्या शेवटी आपली वाट पाहणाऱ्या मैत्रिणी होत्या. त्यांच्यापैकी मुक्ताबाई पोळ ह्या १९८८ साली वॉशिंग्टन येथील एका आरोग्य परिषदेत बोलल्या. मोठे डॉक्टर हे झुंबरासारखे, सुंदर पण महाग व दूर टांगलेले. आपण लहानशा दिव्यासारख्या, स्वस्त, आणि एका दिव्याने दुसरा लावता येतो, अशा आशयाचे त्यांचे भाषण होते. जिला आपण दिवा आहो हे कळले, तिला दंडाच्या धाकाने कामास जुंपावे लागत नाही.

४. परंतु सेवेच्या नावाखाली अन्याय नको

येथे एका धोक्याची सूचना देणे अवश्य आहे. वरील दाखला ऐकून एखादा पंच म्हणेल, “पाहा, माणसे पैशासाठी काम करीत नाहीत; मग मानधन वाढविण्याचे कारण काय?” हा अर्थ सर्वस्वी चुकीचा होय. जामखेडास पगार नव्हता, तरी त्या बायांस शेळ्यापालन व लहानसहान धंदे करण्यास साहाय्य मिळे, जेणेकरून त्यांची चूल पेटती राहावी. त्यांच्या पोटाचा प्रश्न सेवेच्या गोड शब्दांनी झाकला गेला नाही.

नहेम्याचा पाचवा अध्याय हेच शिकवितो. भिंतीचे काम ऐन रंगात असता गरीब लोक ओरडत आले की आमची शेते गहाण पडली, आमची मुले दास झाली, आणि व्याज घेणारे आमचेच भाऊ आहेत. नहेम्याने त्यांस ‘आधी भिंत, मग तक्रार’ असे सांगितले नाही. त्याने सभा भरवून सावकारांकडून शेते व घरे परत देवविली. स्वतः त्याने बारा वर्षे अधिकाऱ्याचा भत्ता घेतला नाही. ज्याने इतरांस त्याग सांगावयाचा, त्याने तो आधी आपल्या ताटापासून आरंभावा.

आपल्या काळचे उदाहरण समोरच आहे. २००५ साली सरकारने आशा सेविकांची योजना सुरू केली. त्या स्वयंसेविका म्हणविल्या गेल्या, आणि त्यांस पगाराऐवजी कामागणिक मोबदला ठरला. महाराष्ट्रातील सुमारे ७० हजार आशांनी २०२१ साली व पुन्हा २०२३ साली मोबदल्यासाठी संप केला. करोनाच्या साथीत ह्याच बाया दारोदार फिरल्या होत्या; त्यांच्यात सेवाभाव नव्हता असे कोण म्हणेल? सेवाभाव असूनही घरभाडे भरावे लागते, मुलांची फी द्यावी लागते. योग्य मजुरी हे बक्षीसही नव्हे व उपकारही नव्हे. ते देणे आहे. ते चुकते केल्यावाचून मन लावून काम करा असे सांगण्याचा अधिकार कोणास पोहोचत नाही. मात्र ते चुकते केले एवढ्याने मन आपोआप कामास लागेल असेही नाही. मजुरी हा पाया होय. पायावाचून घर उभे राहत नाही, आणि नुसत्या पायात कोणी राहतही नाही.

५. उपदेशकांनी व पंचांनी काय करावे

प्रथम, काम ठरविण्याच्या वेळीच लोकांस बोलवावे. ठरलेले काम करावयास तेवढे बोलावू नये. पत्रे कोणते घ्यावे ह्याविषयी ज्याचे मत विचारले गेले, तो पत्रे चढविण्यास येतो.

दुसरे, प्रत्येकास त्याच्या घरासमोरचा भाग द्यावा; म्हणजे ज्याचे ज्यात हित व ज्यात कौशल्य, ते त्याच्याकडे सोपवावे. गवंड्यास गवंड्याचे काम द्यावे, आणि हिशेब जाणणाऱ्या सुनेस हिशेब द्यावा. ती सून आहे म्हणून तिला चहापुरती ठेवू नये.

तिसरे, सोपविल्यावर ढवळाढवळ करू नये, पण एकटेही सोडू नये. आठवड्यातून एकदा सर्वांनी बसून काय साधले, काय अडले, हे बोलावे. तेथे अडचण सांगणाऱ्यास लाज वाटू देऊ नये, नाहीतर पुढच्या वेळी तो येणार नाही.

चौथे, ज्याने केले त्याचे नाव घ्यावे. देणगीदाराच्या नावाची पाटी लागते. ज्या मजुराने रविवारी फुकट गाळ उपसला त्याचे नाव निदान सभेत तरी उच्चारावे. हे काम झाल्यावर करावे, आधी आमिष म्हणून करू नये.

पाचवे, जो येत नाही त्याच्या घरी जावे. पुष्कळ वेळा आळस म्हणून जे दिसते ते जुने दुखणे असते : कधी काळी झालेला अपमान, न मिळालेली मजुरी, अथवा आपणांवाचून कोणाचे अडत नाही असा समज. दंडाची पावती हे दुखणे बरे करीत नाही, विचारपूस करते.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात लोकांनी आपण होऊन पुरे केलेले एखादे काम आठवा. ते कोणी ठरविले होते?

२. आपल्या मंडळीच्या किंवा गावाच्या कामांत कोणाची मजुरी अथवा मानधन थकलेले आहे? ते केव्हा व कसे फेडावयाचे?

३. शब्बाथ शाळेत आपण मुलांस कोणती बक्षिसे लावतो? ती बंद केली तर किती मुले येतील, आणि का?

४. तकोवच्या श्रेष्ठ लोकांप्रमाणे खांदा न देणारे आपणांत कोण आहेत, हे विचारण्याआधी प्रत्येकाने विचारावे : ह्या महिन्यात मी कोणाच्या कामाचे नाव घेतले?