पृथ्वीचे चुंबकत्व आणि मानवी हृदय

प्रस्तावना

होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते, हे आपण जाणतोच. सुईला वळविणारे हे चुंबकत्व आपल्या हृदयावरही परिणाम करीत असेल काय? प्रस्तुत पाठात या प्रश्नाचा शास्त्रीय दृष्टीने विचार केला आहे.

मूळ पाठ

पृथ्वीच्या बाह्य गाभ्यातील वितळलेल्या लोखंडाच्या अभिसरणातून तिचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. सूर्यावरून उसळलेले विद्युतभारित कणांचे लोट त्यावर आदळले, की ते विचलित होते. यालाच ‘भूचुंबकीय वादळ’ म्हणतात. २ सप्टेंबर १८५९ रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने अशाच एका प्रचंड वादळाची नोंद केली होती. मार्च १९८९ मधील वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा बंद पाडला.

हृदयाचा ठोकाही सूक्ष्म विद्युतसंदेशानेच पडतो. म्हणून उपरोक्त शंका अगदीच निराधार नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा वादळांच्या काळात पक्षाघाताचे प्रमाण सुमारे १९ टक्के अधिक आढळले. हृदयविकाराविषयीच्या अभ्यासांचे निष्कर्ष मात्र परस्परांशी जुळत नाहीत.

दोन घटना एकाच वेळी घडल्या, म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचित होऊन हृदयविकाराचे झटके वाढतात. भूचुंबकीय वादळेही ऋतुमानाप्रमाणे कमी-अधिक होतात. हवामान, प्रदूषण यांचा प्रभाव वेगळा काढल्यावाचून चुंबकत्वावर दोष ठेवता येत नाही. शिवाय पृथ्वीचे क्षेत्र स्थलपरत्वे २५ ते ६५ हजार नॅनोटेस्ला असते, तर मोठ्या वादळातील बदल बहुधा काही शेकड्यांचाच असतो. इतका अल्प बदल हृदयावर कसा परिणाम करील, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. चुंबकीय कडे घातल्याने रक्तदाब उतरतो, या प्रचारालाही शास्त्रीय आधार नाही.

उच्च रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू हे हृदयाचे सिद्ध झालेले शत्रू होत. सूर्यावरील वादळे आवरणे मनुष्याच्या हाती नाही. तंबाखू सोडणे आहे. छातीत दुखू लागल्यास आकाशाकडे बोट न दाखवता तत्काळ रुग्णालय गाठावे, यातच शहाणपण आहे.

पाठगत प्रश्न

१. भूचुंबकीय वादळ कशामुळे निर्माण होते?
२. ‘एकाच वेळी घडणे’ आणि ‘कारण असणे’ यांतील फरक तुमच्या परिसरातील उदाहरणाने स्पष्ट करा.
३. ‘आकाशाकडे बोट दाखवणे’ या शब्दप्रयोगातून लेखकाला काय सुचवायचे आहे?