ऊर्जा पाठ: दुपारचं ऊन संध्याकाळी कसं वापरायचं?



एका सभासदाने विचारलं, "सौर पंप दिवसा चालतो, पण मला पाणी संध्याकाळी द्यायचंय, मग काय करू?" हाच प्रश्न आज देशापुढेही आहे.

भारताची सौर वीजक्षमता जानेवारी २०२५ मध्ये १ लाख मेगावॅटच्या पुढे गेली. पण दुपारी वीज भरपूर आणि घरोघरी दिवे लागायच्या वेळी शून्य! आपल्याकडे पावसाळ्यात तर ऊन दिसतच नाही.

उत्तर आपल्या मावळातच आहे. लोणावळा, वळवण आणि शिरोता तलावांचं पाणी घाटाखाली सोडून खोपोलीला १९१५ पासून वीज तयार होते. तलाव म्हणजे साठवलेली वीजच. २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी शिरोता (१८०० मेगावॅट) आणि भिवपुरी (१००० मेगावॅट) इथल्या उदंचन प्रकल्पांसाठी करार केला. उदंचन म्हणजे दुपारच्या विजेने पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी तेच खाली सोडून वीज घ्यायची. १०० युनिट खर्चून साधारण ७५-८० परत मिळतात. दुपारची वीज वाया जाण्यापेक्षा हे बरं. अर्थात, धरणाखाली जमीन जाणं म्हणजे काय, हे १९२१ चा मुळशी सत्याग्रह ऐकलेल्यांना वेगळं सांगायला नको.

आता शेतावर या. ओलितासाठी बॅटरीच्या खर्चात पडू नका. दिवसभर पंपाने वरच्या अंगाचं शेततळं भरा, संध्याकाळी पाणी उताराने सोडा. पाटाने द्यायचं तर थोडी उंचीही पुरते. ठिबकला मात्र साधारण १ किलो दाब लागतो, म्हणजे तळं शेतापेक्षा १० मीटर वर हवं. डोंगरउताराला हे जमतं. सपाटीला जमणार नाही, तिथे ठिबक दिवसाच चालवा.

पॅनेलचं तोंड दक्षिणेकडे ठेवा. जागा डिसेंबरच्या हिशेबाने निवडा, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि झाडाची, डोंगराची सावली लांब पडते. मे महिन्यात मोकळी दिसणारी जागा हिवाळ्यात फसवते.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी, त्यावर साडेसात एचपी पंप मिळतो.

अर्ज भरायचा असेल तर सातबारा, आधार आणि बँक पासबुक घेऊन कंपनीच्या कार्यालयात या. येण्याआधी विहिरीपासून वरच्या बांधापर्यंतची उंची मोजून ठेवा.