कोणत्या भाषेत विचारलंत, मॅडम?

शाळेत मानसशास्त्रज्ञ आहेत एवढ्यावर भाळून प्रवेश घेणारे पालक मी पाहिले आहेत. माहितीपुस्तकात मॅडमचा फोटो असतो, केबिनच्या दारावर पाटी असते, पाटीवर नावापुढे एम.ए. आणि दोन-तीन सर्टिफिकेट कोर्स असतात. आमच्या धाकट्याचा बुद्ध्यांक ६६ आहे हे आम्हाला अशाच एका केबिनमध्ये सांगण्यात आलं. मुख्याध्यापिका शेजारीच बसल्या होत्या आणि विशेष शाळांची यादी आधीच छापून तयार होती. यादी पुढे सरकवली तेव्हाच मला वास आला. शाळेला मुलगा नको होता आणि त्यासाठी एक कागद हवा होता, एवढं पुरे.

तो कागद मी घरी आणून वाचला. माझी सगळी नोकरी हिशेबतपासणीत गेली, त्यामुळे कागद तळापर्यंत वाचायची खोड आहे. पहिल्या पानावर नाव आणि जन्मतारीख. दुसऱ्यावर तो एकच आकडा. चाचणी कोणती घेतली त्याचं नाव नाही, कोणत्या भागात किती गुण पडले ते नाही. आणि तिसऱ्या पानावर माझा मुलगा चक्क मुलगी झालेला. इंग्रजी अहवालात आधी 'ही' आणि 'हिज' होतं, शिफारशींचा परिच्छेद मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत 'शी' आणि 'हर'. कुणा दुसऱ्याच पोरीच्या शिफारशी उचलून इथे डकवल्या होत्या. तिच्या अहवालात कुणाचं काय डकवलं असेल, देव जाणे. मी फोन केला. "टायपिंग मिस्टेक आहे हो, मथितार्थ तोच," असं उत्तर मिळालं. साडेतीन हजार रुपये घेतले होते मथितार्थाचे.

खरी गोष्ट कळली ती धाकट्याकडून, जेवताना. बायकोने सहज विचारलं, मॅडम काय काय विचारत होत्या रे?

"शब्दांचे अर्थ. मी सांगितले. त्या म्हणाल्या, इन इंग्लिश."

"मग?"

"मग मी गप्प बसलो."

आणि त्याने भात पुढे ओढला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. घरात मराठी, आजीशी मराठी, मित्रांशी भांडण मराठीत. शाळेचं माध्यम इंग्रजी म्हणून त्याची अक्कलही इंग्रजीत मोजली. अर्थ माहीत असलेल्या शब्दापुढे शून्य पडलं, कारण तो अर्थ 'चुकीच्या' भाषेत आला. त्या रात्री मी रागाने जागा होतो, काळजी नंतर आली.

व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी बिने बुद्धिमापन चाचणीची आवृत्ती १९३४ साली मांडली. बिने-कामत चाचणी आपल्याकडच्या दवाखान्यांत वर्षानुवर्षं वापरात आहे. वेश्लरची चाचणी भारतीय मुलांसाठी बेतणारे डॉ. आर्थर मालिन यांनी ते काम नागपुरात केलं, तेही १९६९ साली. मुलाला त्याच्या भाषेत विचारावं, हे शहाणपण आपल्याकडे स्वातंत्र्याच्या आधीपासून होतं. आमच्या मॅडमच्या केबिनपर्यंत तेवढं पोचलं नाही.

दुसरी तपासणी सरकारी रुग्णालयात झाली. गर्दी, रखडपट्टी, लांबची तारीख, सगळं सोसलं. तिथल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, आधी कान आणि डोळे तपासून आणा; ऐकू किंवा दिसत नसेल तर माझ्या चाचणीला अर्थ नाही. मग वह्या मागितल्या. परीक्षेचे पेपर नकोत म्हणाल्या, रोजच्या रफ वह्या आणा. शाळेचा अहवाल पाहून त्यांनी विचारलं, "कोणती चाचणी होती? कोणत्या भाषेत घेतली?" अहवालात दोन्हीची नोंद नव्हती. तीच चाचणी थोड्या काळात पुन्हा घेतली तर सरावाने गुण वाढतात, म्हणून त्यांना नाव हवं होतं. शाळेत फोन लावला, पण मॅडमनी घेतला नाही.

मग त्यांनी धाकट्याला मराठीचा एक धडा वाचायला दिला. घरी तो हा धडा खडाखडा म्हणायचा, तिथेही म्हणू लागला. बाईंनी शांतपणे पान उलटलं. याची नजर नव्या पानावर आणि तोंडात आधीच्याच पानाचा मजकूर, एक काना-मात्रा न चुकता. पुस्तक मिटलं तरी गाडी चालूच. मी घामाघूम झालो, आता याला बोलणी बसणार. बाई हसल्या आणि त्यांनी लिहून घेतलं: ऐकलेलं लक्षात ठेवण्याची क्षमता उत्तम. मग नवा, कधी न पाहिलेला उतारा दिला, आणि तिथे पोरगं जोडाक्षराजोडाक्षराला अडखळलं.

बुद्ध्यांक निघाला ९८. निदान डिस्लेक्सिया आणि डिसग्राफिया, म्हणजे वाचनातली आणि लेखनातली अध्ययन अक्षमता. अहवालात आकड्यापेक्षा शिफारशींची पानं जास्त होती: वर्गासमोर मोठ्याने वाचायला लावू नये, तोंडी परीक्षा घ्यावी, फळ्यावरचं उतरवण्याऐवजी छापील कागद द्यावा, विशेष शिक्षकाकडून वाचनाचा सराव अमुक पायरीपासून सुरू करावा. मानसशास्त्रज्ञाचं काम ते हेच. पोरगं कोणत्या वाटेने शिकतं ते शोधून शिक्षकाच्या हातात द्यायचं.

शाळेची प्रतिक्रिया? "बाहेरचे रिपोर्ट आम्ही ग्राह्य धरत नाही." एक शब्द दिलगिरीचा नाही. मग मी अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधलं कलम १६ छापून नेलं. शाळेने अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखावी आणि शिकवण्यात त्यानुसार उपाय करावेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. ओळखा आणि बाहेर काढा, असं कुठेही नाही. शिक्षण हक्क कायद्याखालीही आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, अल्पसंख्याक संस्थांचा अपवाद सोडून. कागद पाहिल्यावर आवाज खाली आला. मन बदललं असेल असं मात्र मला वाटत नाही.

आता तुमच्यासाठी. निदान करणाऱ्याचा आरसीआय नोंदणी क्रमांक मागा. आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद; तिचा कायदा १९९२ चा आहे आणि नोंदणी झालेल्यांची नावं परिषदेच्या संकेतस्थळावर शोधता येतात. एम.ए. झालेला समुपदेशक टाकाऊ असतो असं मी म्हणत नाही; मुलाचं मन मोकळं करायला त्याचा फार उपयोग होतो. पण निदानाखाली सही करायला नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच हवा. अहवालात चाचणीचं नाव, भाषा आणि भागवार गुण लिहून घ्या. प्रश्नपत्रिका गोपनीय असते, ते ठीक. मुलाचे गुण तुमच्यापासून गोपनीय नसतात. वाईट अहवालही फेकू नका, दुसऱ्या तज्ज्ञाला तो लागतो. मूल तापातून उठलं असेल तर चाचणीची तारीख बदलून घ्या. घाबरू नका, मुलाशी बोलत राहा, इतर मुलांशी तुलना करू नका, हे सगळे सांगतात, मीही सांगतो.

प्रमाणपत्राचं वेगळं बघा. २०१८ च्या केंद्राच्या सूचनांप्रमाणे अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या आठ वर्षांनंतर मिळायचं आणि १४ व्या व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी लागायची. २०२४ मध्ये सूचना सुधारल्या गेल्या, तेव्हा निघण्याआधी रुग्णालयात ताजे नियम विचारा. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत या मुलांना १९९६ पासून सवलती आहेत, जादा वेळ त्यातलाच. तरी कितीतरी शाळा दहावीचा फॉर्म भरेपर्यंत तोंड उघडत नाहीत.

आणि ज्यांच्या मुलांचा आकडा ७० ते ८४ च्या मध्ये येतो त्यांच्यासाठी मला खरंच वाईट वाटतं. बौद्धिक अक्षमतेत ती बसत नाहीत, अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राला २०१८ च्या सूचनांप्रमाणे आकडा ८५ च्या वर लागायचा. 'स्लो लर्नर' म्हणून हिणवायला सगळे पुढे, सवलत देताना मात्र हात आखडता. अशा मुलांच्या बाबतीत तर चाचणी कोणत्या भाषेत झाली यावर सगळं अवलंबून आहे.

त्या शाळेत चाचण्या अजूनही त्याच मॅडम घेतात. यंदा तुमच्या मुलाला त्या केबिनमध्ये बोलावलं, तर संमतीपत्रावर सही करण्याआधी नोंदणी क्रमांक आणि भाषा दोन्ही लेखी मागा. मिळालं नाही तर सही करू नका.