शके 1717 म्हणजे कोणतं साल?

प्रश्न : मी इंदूरला पीएच.डी. करते. अहिल्याबाईंवरचा माझा लेख ‘संदर्भ एपीए पद्धतीने द्या’ म्हणून परत आला. मराठी पुस्तकं कशी नोंदवू?

उत्तर : लेख नाकारला नाही, हेच मोठं, उरली ती हमाली. मराठी शीर्षक रोमन लिपीत लिहा, पुढे चौकटी कंसात इंग्रजी अर्थ. आडनावाचं स्पेलिंग एकदा ठरलं की तेच. पुढच्या पानावर त्यात जादा ‘ए’ घुसला, तर संपादकाला ती दोन माणसं वाटतात.

खरी गोची शकाची. अहिल्याबाई गेल्या श्रावण वद्य 14, शके 1717 ला, म्हणजे 13 ऑगस्ट 1795. इथे 78 मिळवले की भागलं. पण पौषाच्या सुमारास इंग्रजी साल पालटतं, तिथून फाल्गुनअखेर 79 लागतात. म्हणून जुन्या पुस्तकावर नुसता शक न बघता महिनाही शोधा.

दुसरी अडचण पुनर्मुद्रणांची. जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याचा मध्य हिंदुस्थानावरचा ग्रंथ 1823 चा. तुमच्याकडे पुनर्मुद्रण असेल तर पृष्ठांक त्याचाच द्या. मजकुरात दोन्ही सालं, मधे तिरकी रेघ, जुनं आधी. आणि दुसऱ्याच्या तळटीपेतून उचललेला पृष्ठांक? पान स्वतः उघडून बघितल्याशिवाय नको.