पिंजरा आणि स्वभाव

सह्याद्रीच्या रानातील लाल तोंडाचे माकड टोळीत जन्मते आणि टोळीतच वाढते. फळे, कोवळी पाने, किडे शोधण्यात त्याच्या दिवसाचा मोठा भाग जातो. तेच माकड पिंजऱ्यात एकटे कोंडले, की शोधण्यासारखे काही उरत नाही. मग ते एकाच रेषेत येरझाऱ्या घालते, डोलत बसते, स्वतःचे केस उपटते. पाहणारा म्हणतो, "माकडाची जातच अशी!"

हीच चूक जाणकारांकडूनही घडली. १९२५ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने एका कृत्रिम टेकडीवर सुमारे शंभर बबून माकडे सोडली. ती एकमेकांना अनोळखी आणि बहुतेक सर्व नर होती. थोड्याच वर्षांत मारामाऱ्यांत अनेक मेली. सॉली झुकरमन यांचा १९३२ चा ग्रंथ मुख्यतः या टेकडीवरील निरीक्षणांवर उभा होता. हिंसा हाच माकडांचा स्वभाव, हा समज त्यातून बळावला. पुढे १९६० च्या दशकात हान्स कुमर यांनी इथिओपियात मोकळ्या बबूनांचा अभ्यास केला. तेथे एका नराच्या कुटुंबाचा मान दुसरा नर सहसा राखतो, असे आढळले. टेकडीवर दिसला तो कोंडवाड्याचा परिणाम होता.

येथे माणसाची तुलना माकडाशी नाही. तुलना आहे ती पाहणाऱ्याच्या दृष्टीची. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरविले. सोलापुरात त्यांना काटेरी तारेच्या कुंपणात ठेवले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. डाग मात्र पुसला गेला नाही. परिस्थिती लादायची आणि तिचे फळ जन्माच्या माथी मारायचे, ही रीत आपल्या समाजाला नवी नाही.

आज चांगल्या प्राणिसंग्रहालयांत माकडांना सोबती देतात, चढायला दोर-फांद्या देतात, अन्न लपवून ते शोधायला लावतात. त्यामुळे येरझाऱ्या कमी होतात. मात्र जन्मतः एकटे वाढलेल्या माकडाच्या सवयी पुष्कळदा पूर्णपणे सुटत नाहीत. म्हणून विलंब महागात पडतो.

मलकापूर परिसरातील आम्हा शिक्षकांना आणि पालकांना यातून घेण्यासारखे आहे. वसतिगृहात नव्याने आलेले मूल अबोल राहते, नखे कुरतडते, भाकरी उशाखाली लपविते. त्याला हट्टी वा मंद म्हणण्याआधी आपण विचारावे: ते कोठून आले, आणि येथे आपण त्याला सोबत, काम व मोकळीक किती दिली?