बंद इंजिनाची पारख व मोल

चालत्या मोटारीची परीक्षा करणे फारसे कठीण नाही. कान व नाक शाबूत असलेला मनुष्य तिच्या आवाजावरून आणि धुरावरून पुष्कळ गोष्टी ताडू शकतो. परंतु मोटारीतून उतरवून दोन फळ्यांवर ठेवलेले इंजिन हे मुक्या साक्षीदारासारखे असते. त्यास ना बॅटरी, ना रेडिएटर, ना पेट्रोलची नळी. गिऱ्हाईक म्हणते, "चालू करून दाखवा." विकणाऱ्यास ते साधत नाही, आणि मग सौद्याचा आरंभ भंगाराच्या भावापासून होतो. आमच्या मते येथे दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते. जे इंजिन सुरू होत नाही ते सदोष खरे; पण जे सुरू करून पाहता येत नाही, त्याच्याविषयी आपण अजाण आहो, एवढेच म्हणता येते. ह्या अजाणपणाचीही बाजारात किंमत पडते, आणि बहुधा ती विकणाराच भरतो.

असा एक प्रसंग आमच्या डोळ्यांदेखत घडला. एका दिवंगत टॅक्सीचालकाच्या पत्नीजवळ प्रीमियर पद्मिनी मोटारीचे इंजिन पडून होते. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही मोटार १९७४ पासून त्या नावाने ओळखली जाऊ लागली, व २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली. गाडी मोडीत निघाली, इंजिन तेवढे राहिले. भंगारवाल्याने ४,००० रुपये सांगितले. इतक्यात आमच्याकडे पूर्वी शिकून गेलेला, आता गॅरेजात काम करणारा एक मुलगा गिऱ्हाईक म्हणून आला. पण आपल्या हातून काकींचे नुकसान होऊ नये व आपणही फसू नये, अशा दुहेरी चिंतेने त्याने आम्हांस सोबत नेले.

प्रथम कागद पाहिले. ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक नोंदणीपुस्तकातील क्रमांकाशी अक्षरशः जुळला पाहिजे. तो कानशीने घासलेला अथवा नव्याने ठोकलेला दिसल्यास इंजिन कितीही उत्तम असो, तेथून उठावे. दुसऱ्या गाडीत बसविलेल्या इंजिनाची नोंद परिवहन कार्यालयात करावी लागते, आणि संशयित क्रमांकाची नोंद कोणी करून देत नाही.

नंतर बाह्यांग. हे इंजिन चार सिलिंडरांचे, १०८९ घनसेंटिमीटरचे. ब्लॉक बिडाचा व हेड ॲल्युमिनियमचे. ब्लॉकला कोठे चीर किंवा झाळलेली जागा आहे काय, पाण्याच्या वाटा गंजाने खाल्ल्या आहेत काय, हे दिवा धरून पाहावे. येथे आमची एक फजिती सांगितली पाहिजे. पूर्वी एकदा आम्ही नवा रंग व नवे तेल पाहून एक इंजिन घेतले होते. रंगाखाली हातभर चीर निघाली. तेव्हापासून ताजा रंग दिसला की आम्ही पहिल्याने तोच खरवडतो.

तेल हा उत्तम साक्षीदार. ते दुधाळ दिसल्यास पाणी आत शिरले आहे असे समजावे. बोटांवर चोळून उन्हात धरावे. तांबूस चमक दिसल्यास बेअरिंगे तळापर्यंत झिजली आहेत. लोखंडाचा कीस असल्यास लोहचुंबकास चिकटेल. बेअरिंगच्या धातूचा चिकटत नाही. काकींच्या इंजिनातील तेल मात्र गाडी मोडताना काढून टाकले होते, त्यामुळे ही साक्ष बुडाली. पुढे ह्याचा परिणाम दिसेल.

आता इंजिन हाताने फिरविणे. चारही स्पार्क प्लग काढून ओळीने मांडावेत. ज्याचे टोक तेलकट, त्याच्या सिलिंडरात तेल चढते. ज्याचे टोक गंजलेले, त्यात पाणी गेले असावे. मग प्रत्येक सिलिंडरात चमचाभर तेल सोडून तासभर थांबावे, आणि पुढच्या पुलीच्या नटास पाना लावून, ज्या दिशेने इंजिन चालते त्याच दिशेने, सावकाश दोन पूर्ण फेरे द्यावेत. एक फेरा पुरत नाही. चार धावांच्या इंजिनात प्रत्येक झडप दोन फेऱ्यांत एकदाच उघडते. मुळीच न हलल्यास पान्यास लांब नळी जोडून जोर करू नये. पुष्कळदा रिंगा गंजून चिकटलेल्या असतात, व रॉकेल आणि तेल यांच्या मिश्रणात चार दिवस मुरल्यावर सुटतात. बळजबरीने मात्र चांगली रिंगही मोडते. आमचे इंजिन पहिल्या पाव फेऱ्यात करकरले, व पुढे लोण्यासारखे फिरले. पुली पुढे-मागे ढकलून पाहिली, तेव्हा खडखड जाणवली नाही. काकींच्या चेहऱ्यावरचा ताण तेव्हाच थोडा उतरला.

सर्वांत बोलकी परीक्षा हवेची. जुन्या प्लगाच्या पोकळ कवचास नळी झाळून ती पंक्चरवाल्याच्या काँप्रेसरास जोडावी. प्लगाच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन फिरविले असता ज्या वेळी हवा अंगठ्यास ढकलते, ती दाबाची धाव होय. त्या धावेच्या अगदी शेवटी दट्ट्या माथ्यावर आणून थांबवावा. आता दोन्ही झडपा मिटलेल्या आहेत. पाना काढून घ्यावा, हात दूर ठेवावेत (दट्ट्या किंचित खाली असला तरी हवा त्यास झटक्याने फिरविते), आणि हवा सोडून कान द्यावा. कार्बुरेटरातून फुसकारा आला तर आत घेणारी झडप गळते. धुराच्या वाटेने आला तर बाहेर टाकणारी. तेल ओतण्याच्या तोंडाशी मोठा आला तर रिंगा अथवा सिलिंडर झिजले. शेजारच्या प्लगाच्या भोकातून आला तर हेडचे पॅकिंग फुटले. तेलाच्या तोंडाशी थोडी कुजबूज चांगल्या इंजिनातही ऐकू येते, तिला भिऊ नये.

पहिले, दुसरे व चौथे सिलिंडर ठीक निघाले. तिसऱ्याने धुराच्या वाटेने स्पष्ट फुसकारा टाकला. हे आश्चर्याचे नव्हते. टॅक्सी बरीच वर्षे गॅसवर चालली होती. त्या कोरड्या इंधनाने बाहेरच्या झडपेची बैठक झिजते, झडप हेडात वर सरकते व टॅपेटची फट नाहीशी होते. फिलर गेज घालून पाहिले तो फट खरोखरच नव्हती. चेंबर उघडून बेअरिंगे पाहू का, असे मुलाने विचारले. काकी म्हणाल्या, "बाळ, उघडलं आणि तू नाही घेतलंस, तर मग दुसरं कोण घेईल?" त्यांचे म्हणणे आम्हांस रास्त वाटले.

आता किंमत. खालील आकडे त्या सौद्यापुरतेच समजावेत. रीत मात्र सर्वत्र लागू पडेल. चालू स्थितीतील तसल्या इंजिनास ३०,००० रुपये पडत होते. पूर्ण दुरुस्तीस १८,००० लागतील असा मुलाचा अंदाज होता. तेव्हा परीक्षेपूर्वी तीन शक्यता होत्या: इंजिन निर्दोष असल्यास मोल ३०,०००, पूर्ण दुरुस्ती लागल्यास १२,०००, केवळ भंगार असल्यास ४,०००. तिन्ही सारख्याच संभवनीय मानल्या तर सरासरी सुमारे १५,३०० येते. परीक्षेनंतर भंगाराची शक्यता उरली नाही. वरचा भाग झडपेच्या ५,००० रुपयांच्या कामात सुधारणार होता, म्हणजे बेअरिंगे चांगली असल्यास मोल २५,०००. वाईट असल्यास पूर्वीप्रमाणे १२,०००. सरासरी १८,५००. दोष सापडूनही मोल सुमारे ३,२०० रुपयांनी वाढले! विकणाऱ्याने परीक्षेस नकार देऊ नये, असे आम्ही का म्हणतो ते ह्या हिशेबावरून ध्यानात येईल. आणि परीक्षा करून गुण कळल्यावरही भंगाराचाच भाव सांगत राहणे, ह्यास आम्ही व्यापार म्हणणार नाही.

मेहनत व जोखीम यांसाठी थोडे वजा करून १७,००० वर सौदा ठरला. १२,००० रोख दिले. ५,००० आमच्याकडे ठेवले. चेंबर उघडल्यावर बेअरिंगांचा दोष निघाल्यास त्याचा खर्च दोघांनी अर्धा अर्धा सोसावा, काकींचा वाटा ह्या राखीव रकमेतून जावा, आणि मुदत पंधरा दिवसांची असावी, असे साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या.

नवव्या दिवशी मुलगा बेअरिंगच्या दोन कपच्या फडक्यात बांधून घेऊन आला. त्यांवर तांबे उघडे पडले होते. दांडा मात्र शाबूत होता. नवा संच व मजुरी मिळून २,८०० रुपये झाले होते. पावती पाहून १,४०० आम्ही मुलास दिले, आणि उरलेले ३,६०० त्याच संध्याकाळी त्याने स्वतः काकींच्या हाती नेऊन दिले.