दोन बिल्ले

चि. सई,


हाउस कॅप्टनचा बिल्ला लावलेला तुझा फोटो दादाने घरच्या ग्रुपवर टाकला आणि पाठोपाठ वहिनीचा फोन, "तिला चार शब्द लिहा." चार शब्दांत माझं कधी भागलेलं नाही, हे तिला ठाऊक आहे.

आता तुझ्याकडे दोन तऱ्हेचे बिल्ले झाले. गाईडच्या गणवेशाच्या बाहीवर शिवलेला प्रथमोपचाराचा आणि शाळेच्या खिशावर पिनेने लावलेला कॅप्टनचा. थाट दुसऱ्याचा, पण माझ्या लेखी पहिला वरचढ. त्यासाठी तुला परीक्षकासमोर त्रिकोणी पट्टीची झोळी बांधून दाखवावी लागली. तुझ्या आधी पाचजणींना तो मिळाला म्हणून तुझा वाटा कमी झाला नाही. स्काउट-गाईड चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं, तेव्हा बड्या शाळांतली आणि कष्टकऱ्यांच्या घरची मुलं एकत्र राहिली. त्या चळवळीत पुढे रीत पडली ती हीच: जो कसोटीला उतरेल, त्याला बिल्ला.

कॅप्टनचा बिल्ला एकीलाच मिळतो, म्हणजे बाकीच्या सगळ्यांना मिळत नाही. त्याचं मूळ वेगळं. इंग्लंडात रग्बी गावच्या शाळेत थॉमस आर्नल्ड १८२८ साली हेडमास्तर झाले. त्यांनी वरच्या वर्गातल्या मुलांवर शिस्तीचा भार टाकला. धाकट्यांना मारायचीही त्या मुलांना मुभा होती! आपल्याकडचे मॉनिटर आणि कॅप्टन त्याच घराण्यातले. छडी गेली, पण फळ्यावर 'बोलणाऱ्यांची नावं' लिहायचा खडू राहिला. तो जपून वापर. मैत्रिणीचं नाव गाळू नकोस, भांडलेलीचं घुसडू नकोस. तुझ्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या मुलीला रिलेची टीम निवडताना शेजारी बसव. ती तुझ्याहून जोरात पळते, हे तूच मला सांगितलंयस.

वर्ष संपलं की हा बिल्ला ऑफिसात परत द्यावा लागेल, तेव्हा तोंड पाडू नकोस. बाहीवरचा तुझाच राहील, पण सराव सोडलास तर तोही नुसता कापडाचा तुकडा. दिवाळीत येशील तेव्हा आजोबांच्या हाताला झोळी बांधून दाखव. त्यांचा खांदा हल्ली धरलेलाच असतो, आणि गाठ मानेला टोचली तर ते परीक्षकासारखे गप्प बसणार नाहीत.

तुझी,
आत्या